गाळण्याचा वेग कोण ठरवतो?



मूत्रपिंड म्हणजे शरीराची गाळणी, असे आपण शाळेत शिकलो. हे वाक्य चुकीचे नाही, अपुरे आहे. आणि त्याचे अपुरेपण निरुपद्रवी नाही. गाळणी म्हटली की चहाची गाळणी डोळ्यांपुढे येते. वरून जेवढे ओताल तेवढे ती गाळते, तिला स्वतःचे मत नसते आणि छिद्रे बुजली की ती निकामी होते. त्यावरून आपण असे धरून चालतो की जास्त गाळणारे मूत्रपिंड निरोगी आणि कमी गाळणारे आजारी. औषधाने गाळण्याचा वेग कमी झाला तर ते औषध घातक. माझे म्हणणे वेगळे आहे. रक्त गाळणे हा मूत्रपिंडाच्या कामातला सोपा भाग आहे, कारण त्यासाठी लागणारा जोर हृदय पुरवते. अवघड भाग आहे तो गाळण्याचा वेग ठरवण्याचा आणि तो सांभाळण्याचा. मूत्रपिंडाची रचना, त्याचे आजार आणि गेल्या काही दशकांत हाती आलेली औषधे, यांतले काहीही हे नियमन समजून घेतल्याशिवाय नीट उलगडत नाही.

आधी आकडे पाहू, कारण या विषयात आकडेच सर्वांत बोलके आहेत. दोन्ही मूत्रपिंडांचे मिळून वजन साधारण ३०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तरी हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा, एक लिटरहून थोडे अधिक रक्त, त्यांच्याकडे जाते. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे केशवाहिन्यांचा एक गुच्छ, त्याला वेढणारे बोमनचे संपुट आणि संपुटातून निघणारी लांब नलिका. हे सगळे गुच्छ मिळून निरोगी तरुण माणसात मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर द्रव गाळतात. दिवसाचे १८० लिटर होतात. शरीरात रक्तद्रव, म्हणजे पेशी वगळता उरणारा रक्ताचा पातळ भाग, आहे तीन लिटरच्या आसपास. म्हणजे तोच रक्तद्रव दिवसातून साठ वेळा गाळला जातो. या १८० लिटरमध्ये जवळजवळ दीड किलो मीठ असते आणि १८० ग्रॅम साखर असते. संध्याकाळी हिशेब मांडला तर लघवीवाटे गेलेले असते दीड लिटर पाणी आणि दहा ग्रॅमच्या आसपास मीठ. साखर जवळपास शून्य. बाकी सारे नलिकांनी परत रक्तात घेतलेले असते.

हे आकडे इतके अविश्वसनीय आहेत की विज्ञानालाही ते पचायला ऐंशी वर्षे लागली. मालपीगी यांनी १६६६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली हे गुच्छ पाहिले होते. १८४२ मध्ये लंडनच्या विल्यम बोमन यांनी संपुट आणि नलिका सलग असल्याचे दाखवले. पण गुच्छातून फक्त पाणी येते आणि विरघळलेले पदार्थ नलिकेच्या भिंती सोडतात, असे त्यांचे मत होते. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लुडविग यांनी उलट बाजू मांडली: रक्ताच्या दाबाने प्रथिने सोडून सारे काही गुच्छातून गाळले जाते आणि नलिकेत त्यातले बरेच परत शोषले जाते. पुढे हायडेनहाइन यांनी हिशेब करून आक्षेप घेतला की दिवसभराचा युरिया केवळ गाळून बाहेर टाकायचा तर एवढा प्रचंड द्रव गाळावा लागेल की ते अशक्यच. आक्षेप तर्काला धरून होता. चूक एवढीच की अशक्य वाटणारी गोष्ट खरी निघाली. १९२४ मध्ये फिलाडेल्फियात वेर्न आणि रिचर्ड्स यांनी बेडकाच्या एकाच संपुटात काचेची अतिसूक्ष्म नळी घालून तिथला द्रव बाहेर काढला. त्यात प्रथिने नव्हती, पण साखर होती. त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या मूत्रात मात्र साखर नव्हती. साखर गुच्छातून खाली उतरते आणि वाटेत परत घेतली जाते, याचा हा थेट पुरावा होता. पुढच्या दशकात न्यूयॉर्कच्या होमर स्मिथ यांनी आणि स्वतंत्रपणे रिचर्ड्स यांच्या गटाने इन्युलिन हा पदार्थ वापरून गाळण्याचा वेग मोजायची रीत बसवली. डेलिया, चिकोरी अशा वनस्पतींच्या मुळांत सापडणारे इन्युलिन गुच्छातून सहज गाळले जाते आणि नलिका ना ते परत घेते, ना त्यात भर घालते. त्यामुळे लघवीत किती आले यावरून किती द्रव गाळला गेला हे काढता येते.

आता एक रास्त शंका. दीड लिटर टाकायचे असेल तर १८० लिटर गाळायचे कशाला? नको ते तेवढे उचलून नलिकेने बाहेर टाकावे, हे जास्त काटकसरीचे नाही का? निसर्गात असे मूत्रपिंड आहेही. समुद्रातल्या काही माशांच्या मूत्रपिंडात केशिकागुच्छच नसतात. त्यांच्या नलिका नको असलेले पदार्थ स्वतः बाहेर टाकतात आणि हे मासे सुखाने जगतात. म्हणजे गाळण हा जगण्याचा एकमेव मार्ग नव्हे, हे मान्य करावे लागते. पण या माशांना खाऱ्या पाण्यात शरीरातले पाणी राखायचे असते, फार द्रव बाहेर टाकायची त्यांना गरजच नसते. शिवाय उचलून टाकण्याच्या पद्धतीत प्रत्येक प्रकारच्या पदार्थासाठी त्याला ओळखणारा वाहक नलिकेत तयार असावा लागतो. गाळण्याच्या पद्धतीत हिशेब उलटा असतो. हवे ते ओळखले की पुरे. जे ओळखता येत नाही ते आपोआप बाहेर जाते. नव्या वनस्पतीतले, नव्या औषधातले, आजवर कधी शरीरात न आलेले विषसुद्धा ते छोटे आणि पाण्यात विरघळणारे असेल तर अशा रीतीने निघून जाते. उधळपट्टी वाटणारी ही व्यवस्था अनोळखी जगात राहणाऱ्या प्राण्याला परवडते ती यामुळे. मात्र तिची एक अट आहे, आणि माझा मुद्दा त्या अटीपासूनच सुरू होतो.

अट अशी की गाळणे आणि परत घेणे यांचा मेळ सतत जमला पाहिजे. समजा नलिका रोजच्यासारखे १७८.५ लिटर परत घेत आहेत आणि गाळण्याचा वेग फक्त पाच टक्क्यांनी वाढला. १८० चे १८९ लिटर झाले. वाढलेले नऊ लिटर कुठे जातील? लघवीत. दीड लिटरऐवजी साडेदहा लिटर लघवी होईल आणि त्याबरोबर मीठही वाहून जाईल. एवढ्याने माणूस दिवसभरात कोसळेल. आणि पाच टक्के हा फरक मोठा नाही. जिना चढताना, रागावताना, झोपेत कूस बदलताना रक्तदाब त्याहून किती तरी जास्त हलतो. दाबाबरोबर गाळण्याचा वेगही तितकाच हलत असता तर आपल्यापैकी कोणीही या सभागृहापर्यंत पोचले नसते. प्रत्यक्षात सरासरी रक्तदाब पाऱ्याच्या ८० पासून १७०-१८० मिलिमीटरपर्यंत बदलला तरी वेग जवळपास तेवढाच राहतो. प्रत्यारोपण केलेल्या मूत्रपिंडाचे मज्जातंतू कापलेले असतात. तरी ते आपला वेग सांभाळते. म्हणजे हा हुकूम मेंदूकडून येत नाही. मूत्रपिंड तो स्वतःच स्वतःला देते.

हे कसे घडते ते रचनेतच लिहिलेले आहे. शरीरात इतरत्र केशवाहिन्यांच्या एका बाजूला धमनिका आणि दुसऱ्या बाजूला शीर असते. मूत्रपिंडाच्या गुच्छाला मात्र दोन्ही बाजूंना धमनिका आहेत: एक रक्त आणणारी, एक नेणारी. दोन्ही आकुंचन पावू शकतात. आणणारी आवळली तर गुच्छातला दाब आणि रक्ताचा ओघ दोन्ही घटतात. नेणारी आवळली तर ओघ घटतो, पण दाब वाढतो. दाब असा दोन बाजूंनी जुळवता येत असल्याने या गुच्छात तो इतर केशवाहिन्यांपेक्षा बराच जास्त ठेवता येतो. त्याच्या विरुद्ध उभे असतात संपुटातल्या द्रवाचा दाब आणि रक्तातल्या प्रथिनांची पाणी धरून ठेवण्याची ओढ. वजाबाकी करून उरणारा जोर अगदी थोडा, पाऱ्याच्या १० मिलिमीटरच्या आसपास असतो. एवढ्याशा शिलकीवर १८० लिटर चालतात. त्यासाठी पडदाही तसाच लागतो: पातळ, छिद्रांचा, तीन थरांचा, पाण्याला मोकळा आणि अल्ब्युमिनसारख्या प्रथिनांना जवळजवळ बंद. मूत्रपिंडातून दिवसभरात वाहणाऱ्या रक्तद्रवात, तेच ते रेणू पुन्हा पुन्हा मोजून, सुमारे ३५ किलो अल्ब्युमिन जाते. निरोगी माणसाच्या लघवीत त्यातले ३० मिलिग्रॅमही उतरत नाही. शिल्लक जोर इतका कमी असला की दोनपैकी एका धमनिकेच्या जाडीतला बारीकसा फरकही निर्णायक ठरतो, आणि नेमका तोच फरक मूत्रपिंड हाताळते.

त्याच्याकडे दोन उपाय आहेत. पहिला झटपट: रक्तदाब वाढून आणणाऱ्या धमनिकेची भिंत ताणली गेली की तिचे स्नायू काही सेकंदांत आकुंचन पावतात. दुसरा थोडा सावकाश, पण अधिक चतुर. प्रत्येक नेफ्रॉनची नलिका मूत्रपिंडाच्या गाभ्याकडे उतरते, वळसा घेऊन वर येते आणि लाखो गुच्छांमधून नेमकी आपल्याच गुच्छाला, त्या दोन धमनिकांच्या कुशीत येऊन टेकते. तिथे नलिकेच्या भिंतीत मॅक्युला डेन्सा नावाच्या पेशींचा ठिपका असतो. नलिकेतून येणाऱ्या द्रवात मीठ किती उरले आहे हे त्या पेशी तपासतात. मीठ जास्त उरले याचा अर्थ गाळण नलिकेच्या आवाक्याबाहेर गेले. मग त्या रासायनिक संदेश पाठवतात आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास आणणारी धमनिका आवळली जाते. या संदेशात ॲडिनोसिनचा वाटा असल्याचे २००१ मध्ये उंदरांवर दिसले: ॲडिनोसिनचा एक विशिष्ट ग्राहक नसलेल्या उंदरांत हा प्रतिसादच उमटला नाही. शरीरात अन्यत्र रक्तवाहिन्या सैल करणारे ॲडिनोसिन इथे त्या आवळते, यावरून ही व्यवस्था किती खास घडलेली आहे ते कळावे. एवढा द्राविडी प्राणायाम करून नलिका स्वतःच्याच उगमाशी परत आणली जाते, याचा एकच समर्पक अर्थ लागतो. गाळणाऱ्याने किती गाळावे हे परत घेणाऱ्याची क्षमता ठरवते.

या अर्थाला एक कठोर कसोटी आहे. जबर आघात, रक्तस्राव किंवा विषबाधा झाली की नलिकांच्या पेशी मरतात आणि लघवी जवळपास थांबते. आपण म्हणतो, किडनी फेल झाली. १९७६ मध्ये क्लाउस थुराऊ आणि जॉन बॉयलन यांनी या घटनेला अपयश न म्हणता यश म्हटले. नलिका परत घेऊ शकत नसताना गुच्छ मिनिटाला १२५ मिलिलिटर गाळतच राहिले असते, तर तीन लिटर रक्तद्रव संपायला पंचवीस मिनिटेही लागली नसती. लघवी थांबते तेव्हा निदान काही अंशी त्या ठिपक्याने धोका ओळखून झडप बंद केलेली असते. अर्थात नलिकेत मृत पेशींचा अडथळा, रक्तपुरवठ्याची घट ही कारणेही असतात आणि साचलेल्या विषाला डायलिसिस लागते. पण प्राण वाचतो तो गाळणे थांबल्यामुळेही, ही गोष्ट गाळणीच्या कल्पनेत बसत नाही.

यावर कोणी म्हणेल, वेग इतका घट्ट धरलेला असतो तर गरोदरपणात तो जवळजवळ दीडपट कसा होतो, भरपूर प्रथिनांच्या जेवणानंतर का वाढतो? आक्षेप योग्य आहे, म्हणून शब्द काळजीने वापरतो. वेग स्थिर ठेवणे हे उद्दिष्ट नाही; वेग आणि शोषण यांचा मेळ राखणे हे उद्दिष्ट आहे. शरीराची गरज बदलली, नलिकांनी साथ दिली, की नियमनाचा बिंदू सरकतो. उलट टोकाला, शरीरात पाणी कमी पडले की मॅक्युला डेन्साशेजारच्या पेशी रेनिन सोडतात. त्यामुळे तयार होणारे अँजिओटेन्सिन नेणारी धमनिका आवळून गुच्छातला दाब टिकवते, तर प्रोस्टाग्लँडिन आणणारी धमनिका मोकळी ठेवतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिनच बंद पाडतात. गारव्यात, पोटात पाणी असताना एखादी गोळी सहसा बाधत नाही. पण विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात दिवसभर राबून घाम निथळलेला माणूस मेडिकलमधून तीच गोळी घेतो, त्यात अँजिओटेन्सिन रोखणारी बीपीची आणि लघवी वाढवणारी गोळी आधीच चालू असते, तेव्हा पाणी, अँजिओटेन्सिन आणि प्रोस्टाग्लँडिन हे तिन्ही आधार एकदम काढले जातात. गाळणीत काही अडकलेले नसते. तिचे नियमन मोडलेले असते.

आता मधुमेहाकडे येऊ, कारण माझ्या म्हणण्याची खरी परीक्षा तिथे आहे. मधुमेहाच्या सुरुवातीच्या काळात अनेकांत गाळण्याचा वेग घटत नाही, वाढतो. गाळणीच्या तर्काने हे उत्तम लक्षण. प्रत्यक्षात ती पडझडीची सुरुवात असू शकते. रक्तात साखर वाढली की ती जास्त गाळली जाते आणि नलिकेचा पहिला भाग ती परत घेताना सोबत मीठही ओढून घेतो. पुढे ठिपक्यापर्यंत मीठ कमी पोचते. ठिपका समजतो की गाळण कमी पडले, आणि धमनिका सैल सोडतो. हृदयाचा दाब मग थेट नाजूक गुच्छावर येतो. बॅरी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी १९७०-८० च्या दशकांत उंदरांच्या मूत्रपिंडाचा बहुतांश भाग काढून दाखवले की उरलेले नेफ्रॉन जास्त दाबाखाली जास्त गाळतात आणि त्याच ताणाने एकेक करून निकामी होतात. मग उरलेल्यांवर आणखी ओझे पडते. आजार सुरू कशाने झाला हे विसरले गेले तरी ऱ्हास पुढे चालूच राहतो, तो या चक्रामुळे.

हे खरे असेल तर गुच्छातला दाब आणि वेग उतरवणाऱ्या औषधाने मूत्रपिंड वाचले पाहिजे. तसेच घडले. अँजिओटेन्सिन रोखणाऱ्या कॅप्टोप्रिलने टाइप १ मधुमेहींत क्रिएटिनिन, म्हणजे गाळणे घटले की रक्तात साचणारा पदार्थ, दुप्पट होण्याचा धोका जवळपास निम्म्यावर आणल्याचे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. मग नलिकेतले साखरेचे शोषण अडवणारी औषधे आली. कॅनाग्लिफ्लोझिनच्या २०१९ च्या चाचणीत मूत्रपिंड निकामी होण्यासारख्या मुख्य घटना ३० टक्क्यांनी, तर डापाग्लिफ्लोझिनच्या २०२० च्या चाचणीत ३९ टक्क्यांनी घटल्या. दुसऱ्या चाचणीत मधुमेह नसलेले रुग्णही होते. दोन्ही प्रकारच्या औषधांनी पहिल्या काही आठवड्यांत गाळण्याचा वेग थोडा खाली येतो. मग ऱ्हासाचा उतार मंदावतो, आणि काही वर्षांनी औषध घेणारा न घेणाऱ्याच्या पुढे असतो.

विरोधी पुरावाही मांडायला हवा. एक मूत्रपिंड दान करणाऱ्याचे उरलेले मूत्रपिंड आपला वेग बराच वाढवते, तरी बहुसंख्य दात्यांना पुढे काही होत नाही. जास्त गाळणे घातक असेल तर हे कसे? उत्तर असे की निरोगी दात्यात उरलेले नेफ्रॉन आकाराने वाढतात आणि ओघ वाढतो, गुच्छातला दाब फारसा वाढत नाही; तरीही दात्यांचा दीर्घकालीन धोका किंचित जास्त असल्याचे दिसले आहे. म्हणजे अपराधी आहे तो नियमन सुटल्याने वाढलेला दाब. दुसरा आक्षेप असा की नव्या औषधांचा फायदा गाळण घटल्यामुळेच होतो, हे सिद्ध नाही. टाइप २ मधुमेहात ती आणणारी धमनिका आवळण्याऐवजी नेणारी सैल करत असावीत, असे एका अभ्यासात दिसले. हे मी मान्य करतो. पण दाब दोन्ही वाटांनी उतरतोच. शिवाय शोषणाचे ओझे हलके होते. विश्रांतीत शरीर वापरते त्या ऑक्सिजनपैकी ७ ते १० टक्के मूत्रपिंड वापरते आणि त्यातला मोठा भाग मीठ परत घेण्यात जातो. जेवढे जास्त गाळले जाते, तेवढे परत घेण्याचे कष्ट जास्त. फायदा दाब उतरल्याचा असो वा कष्ट वाचल्याचा, दोन्हींचे मूळ वेगातच आहे.

शेवटचा आक्षेप व्यवहारातला. डॉक्टर तर कमी ईजीएफआर, म्हणजे रक्ततपासणीवरून काढलेला गाळण्याचा अंदाजे वेग, हाच आजार मानतात. तीन महिन्यांहून अधिक काळ तो ६० च्या खाली राहिला तर दीर्घकालीन मूत्रपिंडविकार असे निदान होते. मग कमी वेग चांगला कसा? इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. रिपोर्टवरचा आकडा ही सगळ्या नेफ्रॉनची बेरीज असते; प्रत्येक नेफ्रॉन किती ताणाखाली आहे हे त्यात दिसत नाही. निम्मे नेफ्रॉन गेले आणि उरलेले दामटून काम करू लागले, तरी बेरीज बरी दिसू शकते आणि क्रिएटिनिन प्रयोगशाळेच्या मर्यादेत राहू शकते. नेफ्रॉन मेल्याने घटलेला वेग आणि जिवंत नेफ्रॉनला विसावा दिल्याने घटलेला वेग, दोहोंचा आकडा सारखा असला तरी अर्थ विरुद्ध आहेत. फरक ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. ताणलेला पडदा अल्ब्युमिन गाळू लागतो, आणि लघवीतले अल्ब्युमिन साध्या तपासणीत सापडते. बऱ्याचदा क्रिएटिनिन वाढण्याच्या कित्येक वर्षे आधी.

यातून निघणारा निष्कर्ष व्यवहाराच्या कामाचा आहे. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्या माणसाची वर्षातून एकदा क्रिएटिनिनबरोबर लघवीतल्या अल्ब्युमिनचीही तपासणी व्हायला हवी. एकट्या क्रिएटिनिनवर समाधान मानणे म्हणजे बेरीज पाहून ताळेबंद न पाहणे. नवे औषध सुरू केल्यावर ईजीएफआर थोडा उतरला म्हणून रुग्णाने ते आपल्या मनाने सोडू नये आणि डॉक्टरांनीही घाईने थांबवू नये. उतार किती आणि तो थांबला का, हे पुन्हा तपासून ठरवावे. आणि वेदनाशामक गोळी घेण्यापूर्वी, आज शरीरात पाणी पुरेसे आहे का आणि बीपीची कोणती औषधे चालू आहेत, हे विचारण्याची सवय रुग्णाने, डॉक्टरांनी आणि औषध दुकानदारानेही लावून घ्यावी. मूत्रपिंड किती गाळते हे विचारणे चूक नाही. पण तो आकडा ते कोणत्या दाबाखाली गाठते, याचे उत्तर हाती असल्याशिवाय पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबू नये, एवढेच मला आज सांगायचे होते.